मालकाच्या ओट्यावरचं रोम

पुनाराम नागदेवे गुरुजी बालाघाटच्या एका खाजगी शाळेत इतिहास शिकवत, आणि त्यांच्या पेपरात एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असे. प्राचीन रोमची अर्थव्यवस्था आणि आजची अर्थव्यवस्था यांतला फरक सांगा, गुण दहा. नववीच्या पोरांना हा प्रश्न येणार हे शाळा उघडल्यापासून ठाऊक असायचं. तरी एका पठ्ठ्यानं सगळं उत्तर एका ओळीत उरकलं होतं : "रोम में गुलाम थे, हमारे यहाँ नौकर हैं, बाकी सब ठीक है." गुरुजींनी आधी त्याला भोपळा दिला. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसले आणि भोपळा खोडून दोन लिहिले.

शिकवणं मात्र एक नंबर. खडू हातात आला की गुरुजी सरळ रोममध्ये. ते सांगत, तिथं खरी संपत्ती म्हणजे जमीन. मोठा माणूस व्यापाराला हात लावणं हलकं समजे. धंदा आपल्या गुलामाकडून करवून घेई आणि नफा मात्र स्वतः घेई. नांगर, खाण, दळण, सगळं लढाईत जिंकून आणलेल्या माणसांच्या पाठीवर. पाण्यावर चालणारी चक्की त्यांना माहीत होती, पण पाठ फुकट असताना चक्कीचा खटाटोप कोण करतो? मिसर देशातून गलबतं भरून गहू यायचा आणि राजधानीत फुकट वाटला जायचा, म्हणजे पोटही गप्प आणि तोंडही गप्प. बादशहाला पैसा कमी पडला की चांदीच्या नाण्यात तांबं. त्यानं महागाई वाढली की बाजारभाव दगडावर कोरून लावायचे, आणि जो जास्त घेईल त्याचं मुंडकं उडवायचं. भाव दगडावर राहिले, माल बाजारातून पळाला.

"आणि आज?" असं विचारून ते थांबत. मग छाती भरून सांगत, की आज माणूस आपलं काम विकतो, स्वतःला विकत नाही. यंत्र आहे, कारखाना आहे, बँक आहे, पंचवार्षिक योजना आहे. काम दिलं, पगार घेतला, चालू लागा. कोणाच्या दारात उभं राहायची गरज नाही.

हे झालं सकाळी अकराला. सकाळी सहाला गुरुजी कुठं होते, हे वर्गातल्या पोरांनाच काय, बसस्टँडवरच्या पानवाल्यालाही ठाऊक होतं. गुरुजी मालकाच्या ओट्यावर होते.

मालक म्हणजे घनश्यामराव. जुने मालगुजार, म्हणजे जमीनदारच. सरकारनं मालगुजारी काढून टाकल्याला सतरा वर्षं झाली होती, पण ती कागदावरून गेली, लोकांच्या जिभेवरून कुठं जाते? जमिनीच्या सीलिंगचा कायदा आला तेव्हा मालकांची तीस एकर त्यांचा गडी फकिरा याच्या नावावर झाली. आता बोला! तीस एकरांचा धनी असलेला फकिरा रोज पहाटे मालकांच्या बैलांचं शेण काढत होता आणि आपण बागाईतदार झालो आहोत याची त्या बापड्याला खबर नव्हती. असे हे मालक शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते. इतिहासाचे शिक्षक टेंपररी होते.

टेंपररी म्हणजे कसं, तर तीस एप्रिलला नोकरी संपायची. उन्हाळाभर पगार नाही. जुलैत मालकांच्या मनात आलं तर नवं पत्र. असं एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, अकरा वर्षं. गुरुजींच्या मागून आलेले तिघे कायम झाले, त्यातला एक तर ड्रिल शिकवायचा. गुरुजींना घर होतं, बायको होती, तीन पोरं होती, आणि या जगात फक्त एक कागद हवा होता, ज्यावर "स्थायी" असं टाइप केलेलं असेल. तो कागद मालकांच्या सहीशिवाय होत नव्हता, आणि मालकांची सही त्यांच्या ओट्यावर बसल्याशिवाय होत नाही असा गावाचा समज होता.

म्हणून रोज सकाळी सहाला ओटा भरायचा. तेंदूपत्त्याचा ठेकेदार, नगरपालिकेचा एक मेंबर, संस्कृतचे पंडितजी, आणि असेच चार-पाच अडलेले नारायण. मालक साडेसहाला दातून करत बाहेर यायचे. सगळे उठायचे, "नमस्ते मालक" म्हणायचे. मालक ज्याच्याकडे बघून मान हलवतील त्याचा दिवस चांगला. मग चहा. गुरुजी सगळ्यात खालच्या पायरीवर बसत, आणि त्यांचा ग्लास वेगळा होता. तो भिंतीतल्या कोनाड्यात उपडा असायचा. मालक पाहुण्यांना आवर्जून सांगत, "हमारे यहाँ भेदभाव नहीं. याचा बाप अंगणात उभा राहायचा, हा पायरीवर बसतो."

हा बाप म्हणजे महागू. बावीस वर्षं मालकांकडे सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. वर्षाला ठरलेलं धान, दोन धोतरं, आणि पहाटे अंगणात उभं राहून वाकून "जोहार मायबाप". छप्पन साली दसऱ्याला महागू नागपूरला गेला, लाखोंच्या गर्दीत दीक्षा घेतली, आणि परत आला तो सरळ घरी. जोहार त्या दिवसापासून बंद, आणि मालकांचा उंबरठाही बंद. त्याच्या हातात एक विद्या होती, कापलेल्या धानाचं पुंजणं रचायची. पेंढ्यांची अशी गोल रास रचायचा की पौष महिन्यात अवकाळी पाऊस पडला तरी आतलं लोंबीचं टोकसुद्धा भिजत नसे. लामत्यापासून परसवाड्यापर्यंत शेतकरी त्याला बोलावून न्यायचे. दिवस भरायचा, मजुरी घ्यायची, घरी यायचं.

बाप-लेक एका घरात राहत. लेक पहाटे कोट चढवून निघे, तेव्हा बाप नेमका विहिरीवर गेलेला असे. अकरा वर्षांत महागूनं यावर चकार शब्द काढला नव्हता. बोलायची ती अनुसया, गुरुजींची बायको.

"रोज रोज काहून जाता त्याच्या दारात?"

"अगं, मी अभ्यासाले जातो. जुनी समाजव्यवस्था डोळ्यानं पाहाले भेटते."

"अकरा वर्सं अभ्यास चाल्ला," अनुसया म्हणायची, "पास कवा होता?"

अडुसष्टच्या कातिकात एके दिवशी मालकांची दाढ दुखत होती. दाढ दुखली की माणसाला करमणूक लागते. त्यांनी गालाला हात लावून पायरीकडे पाहिलं. "मास्तर, तुमचं ते इतिहासातलं काही सांगा ना."

गुरुजींच्या अंगात वीज शिरली. अकरा वर्षं पोटात साठलेलं बोलायला अशी संधी पुन्हा कधी? त्यांनी ठरवलं, शालजोडीतले द्यायचे. आणि त्यांनी सांगितलं की रोममध्ये प्रत्येक मोठ्या माणसाचे आश्रित असत. ते दिवस उगवायच्या आत ठरावीक पोशाख घालून त्याच्या दारात जमत. तो बाहेर आला की नमस्कार करत, त्यानं नाव घेऊन हाक मारली तर धन्य होत. मग त्यांना एकेक टोपली मिळे, थोडं खाणं किंवा चार पैसे. त्या बदल्यात ते दिवसभर त्याची वाहवा करत हिंडत आणि निवडणुकीत त्याच्यासाठी ओरडत. तिथं अर्धं शहर कामावर जगत नव्हतं, मर्जीवर जगत होतं.

पंडितजी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. ठेकेदाराला खोकला आला. गुरुजींच्या आतून एक गोड गारवा पसरत होता, की दिले, एकदाचे दिले.

मालकांनी दातूनचा चोथा थुंकला. "वा!" ते म्हणाले. "काय बंदोबस्त होता!"

शाल मालकांनी अंगावर घेतली. जोडा लागलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर रोम सुरू झालं. आधी हुकूम निघाला की सकाळी यायचं तर बंद गळ्याचा कोट आणि टोपी पाहिजे, तिथं म्हणे पोशाखाशिवाय आत घेत नव्हते. ठेकेदाराकडे कोट नव्हता. तो मेहुण्याचा घालून येऊ लागला, त्यात त्याचे हात दिसायचे नाहीत. मग चहा बंद झाला. बिरश्या बुरुडाकडून बांबूच्या लहान टोपल्या आल्या आणि माणशी एक टोपली मुरमुरे-गूळ सुरू झालं. चहा गेल्यामुळे सगळे गुरुजींवर दात खाऊन होते. "तुम्ही अन् तुमचं रोम," पंडितजी फिसकारले, "चांगली वाफाळती चाय होती."

पण खरं सांगायचं तर टोपलीनं एक काम केलं. टोपल्या सगळ्यांच्या सारख्या, नव्या. कोनाड्यातला ग्लास कोनाड्यातच राहिला. जे कायद्यानं अठरा वर्षांत झालं नव्हतं ते रोमनं आठ दिवसांत करून दाखवलं. गुरुजींना याचा आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

तरी त्यांची खोड जाईना. रोज एक शालजोडी. त्यांनी सांगितलं की मोठे लोक व्यापार गुलामांच्या नावानं करत, तर मालक म्हणाले, "बरोबरच होतं. आपली राईस मिल मुनीमजीच्या नावानं हाय." त्यांनी सांगितलं की फुकटचा गहू आणि खेळतमाशे दिले की लोक राज्यकारभाराबद्दल विचारत नसत, तर मालकांनी त्याच आठवड्यात मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ ठरवला आणि खिचडीचा हंडा चढवला, कारण नगरपालिकेची निवडणूक जवळ आली होती. त्यांनी सांगितलं की माणसं फुकट मिळत म्हणून रोमला यंत्रांची गरज वाटली नाही, तर मालकांनी दोन वर्षं रेंगाळलेली ट्रॅक्टरची ऑर्डर रद्द केली. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, अशी गुरुजींची गत. पण मालक आता त्यांच्याकडे बघून रोज मान हलवायचे. एक दिवस तर म्हणाले, "मास्तर, येत्या शनिवारी कमिटी बसते. तुमचा कागद टाइप करायला सांगितला हाय. स्थायी."

गुरुजी घरी आले आणि अनुसयेला हे न सांगता तिच्या हातचं शिळं पिठलं मिटक्या मारत खाल्लं. तिला वाटलं, यांना बरं नाही.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. विद्येचा एक रोग असतो, कोणी विचारलं की थांबवत नाही.

"त्या गुलामांचं पुढं काय व्हायचं?" मालकांनी विचारलं. "मरेस्तोवर गुलामच?"

"नाही मालक. पुष्कळांना मालक मुक्त करत."

"फुकट?"

"फुकट कसं? मुक्त झालेला जुन्या मालकाचं नाव लावी, त्याला नमस्कार करायला येई, अन् वर्षातून काही ठरलेले दिवस त्याच्याकडं काम करून देई. कायदाच होता तसा."

तोंडातून शब्द गेला आणि गुरुजींना आपण काय बोललो ते कळलं. मालकांनी डोळे मिटून घेतले. मग बोटं मोजली.

"तुमचा महागू माझ्याकडं बावीस वर्सं होता. मी सोडलं त्याले. सोडलं का नाही? कधी एक दिवस मागितला नाही. आता धान कापून पडलं हाय अन् अख्ख्या बालाघाटात त्याच्यासारखं पुंजणं कोणाला जमत नाही. तीन दिवस येऊन जाऊ दे. आल्यावर तो जुना जोहार घालन, आपल्यालेही बरं वाटन." मग हसून म्हणाले, "तुमच्याच रोमचा कायदा हाय, मास्तर. शनिवारच्या आधी पाठवा."

सगळा ओटा म्हणाला, "बरोबर हाय, मालक."

गुरुजी घरी गेले ते चोरासारखे. सोमवार गेला, मंगळवार गेला. एकदा म्हणाले, "बाबा," आणि महागूनं वर पाहिलं तर म्हणाले, "पानी देऊ का?" अकरा वर्षांचा कागद टाइप होऊन पडला होता आणि त्याची किंमत बापाची वाकलेली पाठ होती. ही किंमत त्यांनी स्वतःच्या तोंडानं, कायद्याच्या कलमासकट, मालकांना शिकवली होती. त्यांना स्वतःची किळस आली. आणि खरं बोलायचं तर त्या किळसेतही एक विचार येऊन जायचा, की तीनच दिवस तर आहेत.

बुधवारी संध्याकाळी फकिराच घरी आला. महागू अंगणात विळ्याला धार लावत होता.

"महागूबुवा, मालकानं इचारलं, कवा येता म्हून."

"कुठी?"

"पुंजनं रचाले. तीन दिवस. मास्तरनं सांगतलं नाही का? रोमचा कायदा हाय म्हन्ते."

"कोनाचा?"

"रोमचा," फकिरा म्हणाला. "म्हंजे मास्तरचाच."

महागूनं त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. मग विळा बाजूला ठेवला. गुरुजी दाराशी उभे होते, त्यांना आत जाता येईना की बाहेर येता येईना.

"पुना, हे रोम कुठीसा हाय?"

"लय दूर, बाबा. समुद्रापार. अन् दोन हजार वर्सं झाली त्याले."

"मंग त्याचा कायदा माह्या घरी कसा आला?"

गुरुजींनी सगळं सांगितलं. ओटा, टोपली, मुक्त केलेले गुलाम, ठरलेले दिवस, टाइप झालेला कागद, सगळं. सांगताना ते बापाकडे बघत नव्हते, अंगणातल्या कोंबडीकडे बघत होते.

"मालक म्हन्ते का त्यानं मले सोडलं?"

"हौ."

"अन् तू काय म्हन्लं?"

गुरुजींनी कोंबडीला हुसकावलं.

"त्यानं नाही सोडलं. मी सोडलं त्याले. नागपूरले गेलतो, वापस आलो, अन् सोडलं. तुह्या पुस्तकात असा कोनी हाय का, ज्यानं मालकाले सोडलं?"

"हाय बाबा. त्याले पळालेला गुलाम म्हनत. धरून आनला तं कपाळावर डाग देत."

महागूनं आपल्या कपाळावरून हात फिरवला आणि जरा हसला. मग एखाद्या हुशार पोरानं तास संपता संपता विचारावं तसं त्यानं विचारलं, "अन् ज्याले मालकानंच सोडलं, त्याच्या पोराले किती दिवस काम लागे?"

हा इतिहासाचा प्रश्न होता. उत्तर गुरुजींच्या तोंडातून आपोआप आलं. "पोराले काहीच नाही. मुक्त झालेल्या मानसाचा पोरगा जन्मापासून मोकळा. दिवस नाही, नमस्कार नाही, काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मंग तू अकरा वर्सं काहून जातं?"

आत चुलीपाशी अनुसयेचा हात थांबला. वर्गात अकरा वर्षं एकाही प्रश्नाला गुरुजी अडले नव्हते. त्यांना पोटापाण्याचं सांगता आलं असतं, पोरांच्या फीचं सांगता आलं असतं, आणि ते सगळं खरंही होतं. पण समोर बसलेल्या माणसानं बावीस वर्षांची भाकरी एका दिवसात सोडली होती, आणि तेव्हा त्याच्या घरी शिकणारा एक पोरगा होता. तो पोरगा म्हणजे हेच गुरुजी.

"मी जातो तीन दिवस," महागू म्हणाला. "बाप आहो. तुले कागद भेटत असन तं जोहारही घालतो, कंबर काही तुटत नाही. पन मले एक सांग. कागद भेटल्यावर चौथ्या दिवशी तू घरी राहशीन का?"

गुरुजी मटकन खाली बसले आणि रडले. बायकोसमोर, बापासमोर, आणि कुंपणापलीकडून डोकावणाऱ्या शेजारच्या गोदाबाईसमोर.

"तुमी जाऊ नका, बाबा," ते म्हणाले. "मी सांगतो त्याले."

गुरुवारी ते ओट्यावर गेले, पण बसले नाहीत. कोटही घातला नव्हता. मालक बाहेर आले, सगळे उठले, नमस्ते झालं. मालकांनी विचारलं, "मास्तर, महागू कुठं हाय?"

"बाबा येणार नाहीत."

"का बरं? कायदा काय म्हन्ते?"

"कायदा म्हन्ते का मुक्त केलेल्या मानसाच्या पोराकडं मालकाचं काही निघत नाही," गुरुजी म्हणाले. "म्हून मी बी येणार नाही. अन् बाबांना तुम्ही सोडलंच नव्हतं. त्यांनी तुम्हाला सोडलं."

आता मालक भडकतील, काठी मागवतील, असं सगळ्यांना वाटलं. पण मालक विचारात पडले होते. एवढं सोन्यासारखं राज्य, एवढा चांगला बंदोबस्त, आणि पोरांना मोकळं सोडून दिलं? त्यांनी खरोखरच्या दुःखानं मान हलवली.

"पोरालेही सोडून देत?" ते म्हणाले. "तरीच. तरीच बुडालं रोम."

"बरोबर हाय, मालक," ओटा म्हणाला.

फकिरानं सवयीनं टोपली पुढे केली. गुरुजींनी घेतली नाही. तेव्हा पंडितजींनी ती घेतली, आपल्या टोपलीत उपडी केली आणि एक जागा वर सरकले.

शनिवारी कमिटी बसली. कायमचा कागद ड्रिलमास्तरच्या भाच्याला मिळाला, जो अजून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. इतिहासाच्या मास्तरांना कागदावर कळवलं की तीस एप्रिलनंतर त्यांच्या सेवेची आवश्यकता नाही. अनुसयेनं कागद वाचून घेतला, चुलीत घालायला निघाली, मग म्हणाली, "राहू द्या, पाठकोरा हाय, पोराच्या कामी येईन." एवढं बोलून ती विहिरीवर गेली आणि तिथं पोटभर रडली. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. जुलैपासून खायचं काय, हा प्रश्न डिसेंबरातच घरात येऊन बसला होता.

रविवारी महागूला चैतराम नावाच्या शेतकऱ्याकडे पुंजणं रचायला जायचं होतं. चैतराम म्हणजे काही मालगुजार नव्हे; सहा एकर, दोन बैल, अन् स्वतःच्या हातात विळा. निघताना महागू लेकाला म्हणाला, "चाल माह्यासंगं. घरी बसून काय करतं?"

गुरुजी गेले. बाप वर उभा, लेक खालून पेंढ्या फेकणार. पहिल्या तासात हात सोलून निघाले. "अबे, लोंब्या आतमंधी अन् बुडखे बाहेर," महागू वरून ओरडला, "उलटी फेकशीन तं धान पाखरायचं, अन् शिव्या माह्या." दुपारी बांधावर बसून दोघांनी चटणी-भात खाल्ला. गुरुजींनी बापाला विचारलं की उतार कसा ठरवतो, आणि महागूनं तळहातावर तळहात ठेवून दाखवलं. असा प्रश्न त्यांनी बापाला आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता. संध्याकाळपर्यंत पुंजणं उभं राहिलं, गोल, नीट उताराचं, वर वाळल्या गवताची टोपी.

चैतराम बैलबंडीतून उतरला, पुंजण्याला एक चक्कर मारली, खूश झाला. त्यानं कनवटीतून पैसे काढले. महागूला तीन रुपये दिले आणि गुरुजींना दीड, कारण नवशिक्याला दीडच.

पैसे हातावर पडले आणि गुरुजींचे दोन्ही हात आपोआप वर आले. तळवे जुळले. मान खाली गेली, कंबर वाकली, आणि तोंडातून निघालं, "मालक, आपली मर्जी."

चैतराम दचकला. त्यानं मागं वळून पाहिलं, की आपल्या पाठीशी कोण मोठा माणूस येऊन उभा राहिला. मागं बैल होते.

"काय करून राह्यला?" महागू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "दिवसभर काम केलं ना त्याचं? त्यानं पैसे देल्ले ना? मंग हात कशाले जोडतं, पुना?"

गुरुजींना ऐकू आलं होतं, कळलंही होतं. वर्गात ते हेच तर अकरा वर्षं सांगत आले होते. पण हात खाली येईनात. तेव्हा महागूनं लेकाची दोन्ही मनगटं धरली, जुळलेले तळवे सोडवले, हात खाली आणले, आणि दोघं घराकडं निघाले.